मे महिन्याची यादी

माझ्या धाकट्या बहिणीच्या, शिवांजलीच्या, डोळ्यांत काहीतरी बिघडलंय, हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळायला हवं होतं. रोज दोन-दोन तास मांडीला मांडी लावून टीव्हीपुढं तिच्या शेजारी मीच बसायचो. पडद्याच्या डाव्या कडेनं खेळातले लांडगे यायचे आणि ते तिला दिसायचेच नाहीत. लांडगा खेचरावर तुटून पडला की मग ती दचकायची, आणि मी तिला वेंधळी म्हणायचो. लक्ष कुठं असतंय तुझं, हे वाक्य मी त्या वर्षात किती वेळा बोललो असेन, त्याची मोजदाद नाही.

हे १९९८ सालचं. अंजू, म्हणजे शिवांजली, पंधरा वर्षांची होती, मी वीस. आम्ही मूळचे गडहिंग्लजचे, पण वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, कोल्हापुरात शाहूपुरीत पाइप आणि फिटिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच आम्ही राहायचो. मस्कतला नोकरी करणाऱ्या सोमशेखरमामांनी आदल्या दिवाळीला हिबारी नावाच्या जपानी कंपनीचा टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन आणून दिलं होतं. त्यासोबत 'सॉल्ट रोड' नावाच्या खेळाचे दोन भाग होते. तोवा नावाची एक मुलगी मिठानं लादलेली खेचरं घेऊन एकटीच देश ओलांडायला निघते. तिची आई पलीकडं कुठंतरी हरवलेली असते. दुसऱ्या भागाच्या शेवटी तोवा नावेत बसते, नाव नदीच्या मध्यावर येते, धुकं उतरतं आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील हलवायला लागतं. तेवढ्यात पडदा काळा होतो, आणि पुढचं पुढच्या भागात म्हणून अक्षरं येतात.

तो दुसरा भाग आम्ही एका रविवारी संपवला. अव्वा, म्हणजे आमची आई, जेवायला हाका मारून दमली, तरी आम्ही दोघं उठलो नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवे लागायच्या वेळेला, अंजू आमच्याच गल्लीत टेलिफोनच्या केबलसाठी खणलेल्या चरात पडली. चराभोवती दोरी होती, दोरीला लाल फडकी होती. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की पोरीचे डोळे एकदा मिरजेला दाखवून आणा.

मिरजेच्या डॉक्टरांनी थेंब घालून बराच वेळ तिचे डोळे बघितले. मग आप्पांना विचारलं, तुम्ही नवराबायको नात्यातले का? अव्वा ही आप्पांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आप्पांनी मान हलवली, अव्वानं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग नजरेचं भोक बारीक बारीक होत जातं. यावर औषध नाही. आप्पांनी विचारलं, किती वर्षं? डॉक्टर म्हणाले, दोन, चार, दहासुद्धा, सांगता येत नाही.

मग ते माझ्याकडं वळले. हे रक्तातनं येतं, भावालाही असू शकतं, आत्ताच थेंब घालून बघू म्हणाले. मी सांगितलं की उद्या माझा पेपर आहे, थेंब घातले तर वाचता येणार नाही, पुढच्या आठवड्यात येतो. उद्या कसलाही पेपर नव्हता.

परतीच्या एसटीत अंजू खिडकीशी होती. जयसिंगपूर मागं गेलं. मग आप्पांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिनं मला विचारलं, "आण्णा, तिसरा भाग दोन वर्षांत येईल का रे?"

त्या घडीला मला तो प्रश्न एखाद्या दोरासारखा वाटला. बाकीचे सगळे प्रश्न असे होते की ज्यांच्याकडं बघवत नव्हतं. या एका प्रश्नाचं उत्तर जगात कुठंतरी कुणालातरी ठाऊक असणार होतं. मी म्हटलं, शोधून काढतो.

आमच्या मागच्या गल्लीत केरबा चौगुल्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर बाजूला सारून त्यांनी तिथं चार कॉम्प्युटर मांडले आणि नेट सुरू केलं. कॉलेज सुटलं की मी तिथं जायचो. एक पान उघडायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा. हिबारी कंपनी दरवर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या एका मोठ्या मेळ्यात पुढच्या वर्षभराच्या खेळांची यादी जाहीर करायची. त्या यादीत काय असेल यावर जगभरातली माणसं महिनोनमहिने आधी वाद घालत बसायची. मी त्यांच्यात सामील झालो.

मी एक वही घातली. तिच्यात तीन रकाने केले: नक्की, बहुतेक आणि अशक्य. 'सॉल्ट रोड'ला संगीत देणारा माणूस पुन्हा त्याच कंपनीत आला, ही बातमी वाचली की मी तिसरा भाग 'बहुतेक'मध्ये लिहायचो. खेचरं काढणारा चित्रकार सोडून गेला, असं कुणी लिहिलं की पुन्हा 'अशक्य'मध्ये. अमेरिकेतल्या ओहायोत राहणारा एक जण तिथं लिहायचा. त्याचा मेहुणा म्हणे कंपनीच्या आतला होता. त्याचा शब्द मी देवाच्या कौलासारखा मानायचो. केरबांकडनं पानं छापून घ्यायची आणि घरी येऊन अंजूला वाचून दाखवायची, हा रोजचा नेम झाला. पुढं पुढं मी तिलाच हाताला धरून केरबांकडं न्यायला लागलो.

ती माझ्यापेक्षा शहाणी होती. कोल्हापुरातल्या बऱ्याच पोरींसारखं ती घरात 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. एकदा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "कंपनी नवीन मशीन काढणार म्हणतोस. मग जुन्या मशीनवरचा खेळ पुढं कशाला काढतील? मी तर न्हाय काढणार." मी तिला तावातावानं सहा कारणं सांगितली. तिनं ऐकून घेतलं.

सन २००० च्या मेमध्ये यादी आली. आदल्या वर्षीसारखाच तीतही तिसरा भाग नव्हता. मी जेवलो नाही. तेव्हा तिला समोरचं माणूस दिसायचं, पण त्याच्या शेजारी उभं असलेलं दिसायचं नाही. वाढलेल्या ताटातली चटणी तिच्या नजरेतनं सुटायची. अव्वा ताट गोल फिरवून द्यायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

मी कंपनीला पत्र लिहिलं. टोकियोच्या पत्त्यावर, इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. माझ्या बहिणीची दृष्टी जात आहे, तिसरा भाग येणार नसेल तर निदान कंदील कुणाच्या हातात आहे एवढं कळवा, आम्ही कुणालाही सांगणार नाही. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. पाकीट सुंदर होतं. आत चार ओळी होत्या. आपल्या प्रेमाबद्दल आभार. जाहीर न झालेल्या खेळांबद्दल आम्ही बोलत नाही. मी ते पत्र अंजूला दाखवलं नाही. 'बोलत नाही' याचा अर्थ बोलण्यासारखं काहीतरी आहे, असा मी काढला, आणि वहीत तिसरा भाग 'नक्की'च्या रकान्यात लिहिला.

माझं स्वतःचं एक गुपित होतं, तेही सांगायला हवं. दुकानात कुणी नसलं की मी मधल्या फळीवरच्या एका खोक्याकडं नजर रोखून उभा राहायचो आणि नजर न हलवता डावी-उजवीकडची किती खोकी दिसतात ते मोजायचो. कधी अकरा दिसायची, कधी नऊ. नऊ दिसली की त्या दिवशी कॉलेजला जायचं बळ नसायचं. संध्याकाळ व्हायच्या आत मी घरी परतायचो. जिन्यात बल्ब असला तरी भिंत धरून चढायचो. मिरजेला जा म्हणून आप्पा दर महिन्याला सांगायचे. मी म्हणायचो, यादी आली की जातो. आप्पांना वाटायचं मी परीक्षेच्या निकालाच्या यादीबद्दल बोलतोय.

२००१ च्या एप्रिलात अव्वा माझ्यापाशी येऊन बसली. अंजूनं समुद्र बघितलेला नाही, आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, तू तिला रत्नागिरीला घेऊन जा म्हणाली. परीक्षेला अवकाश होता, एसटी होती, रत्नागिरीत अव्वाच्या मैत्रिणीचं घर होतं. पण यादी मेच्या मध्याला येणार होती, आणि ओहायोवाल्यानं लिहिलं होतं की या वेळी जुन्या माणसांना आनंद होईल. अशा दिवसांत मी केरबांचं दुकान सोडून कसा जाणार? मी म्हटलं, यादी येऊ दे, मग जातो. अव्वा म्हणाली, तिचे डोळे थांबणार न्हाईत. मी चिडलो. तिच्याच डोळ्यांसाठी तर सगळं चाललंय, असं ओरडलो.

यादी आली, आणि तीत नाव होतं. 'सॉल्ट रोड' तीन, फॉल २००१. मी केरबांच्या खुर्चीतनं उठलो आणि त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, लग्न ठरलं काय रे? फॉल म्हणजे पडणं एवढंच मला येत होतं. कॉलेजात इंग्रजीच्या सरांना विचारलं तेव्हा कळलं, तिकडची पानगळ, सप्टेंबर ते नोव्हेंबर. मी घरी येऊन कॅलेंडरवर खुणा केल्या. अंजू हसली. आता समुद्राची काय घाई, असं मीच ठरवून टाकलं. नंतर माझी परीक्षा होती, नंतर पावसाळा. खवळलेल्या समुद्रावर तिला कुठं नेणार?

सप्टेंबरात एक ओळ आली. खेळ पुढच्या वर्षी वसंतात.

डिसेंबरात आम्ही रत्नागिरीला गेलो. तोवर अंजूची नजर हातातल्या बांगडीएवढी उरली होती. एक हात सतत माझ्या कोपरावर असायचा. भाट्याच्या किनाऱ्यावर भर दुपारी आम्ही उतरलो. ती ओल्या वाळूत जाऊन थांबली. पायाला पाणी लागल्यावर तिनं मान वर केली.

"किती मोठा हाय?" तिनं विचारलं.

"लई मोठा."

"तसं नको. कुठनं कुठवर ते सांग."

 मी तिची हनुवटी धरली आणि डावीकडच्या टोकापासून तिचं तोंड हळूहळू उजवीकडं वळवत नेलं. ती तुकड्या-तुकड्यानं बघत होती. एक लाट पुरी दिसायची नाही, तिचा मधला भाग दिसायचा. उजवं टोक आलं तशी म्हणाली, परत. आम्ही परत केलं. तिसऱ्या खेपेला तिनं माझा हात बाजूला केला आणि वाळूत बसली.

"मेमध्ये आलो असतो तर जरा जास्त दिसला असता, न्हाय?"

 मी घाईनं वसंताचं बोलायला लागलो. मार्च धर, फार तर एप्रिल, खेळ मध्यभागी बघितला तर अजून तुला सगळं दिसेल, टीव्ही आपण लांब ठेवू.

"आण्णा," ती म्हणाली, "मला त्या यादीचं काय न्हाय रे. पहिल्या वर्षी होतं. मग न्हाय."

"मग दोन वर्षं केरबांकडं येत होतीस ती?"

"तू दुसरं कायच बोलत नव्हतास. यादी सोडली तर माझ्याजवळ बसायला तुझ्याकडं होतं काय? आप्पा बोलत न्हाईत, अव्वा रडते. तू तेवढा बोलायचास. म्हणून यायचो."

ती रागानं बोलत नव्हती. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मिरजेला कधी जाणार हायस?"

मी परीक्षेचं काहीतरी पुटपुटलो.

"तीन वर्षं झाली. दिवे लागायच्या आधी घरात येतोस. जिन्यात भिंतीला हात लावतोस. मी बघतो की." मग म्हणाली, "मला जेवढं दिसतंय, त्यात तू असतोस."

त्या क्षणी मला तिथनं पळून जावंसं वाटलं. पण तिला तिथं सोडून जाता येत नव्हतं, म्हणून मी बसून राहिलो.

घरी आल्यावर अंजूनं स्वतःचा मार्ग धरला. आप्पांना म्हणाली, मला दुकानातला माल शिकवा. पाइपाचे सगळे जोड, एल्बो, टी, रिड्युसर, सॉकेट, अर्धा इंची, पाऊण इंची. डोळे मिटून बोटांनी चाचपून ती नाव सांगायची, चुकलं की आप्पा खोकं परत पुढं ठेवायचे. मी मात्र केरबांकडं जातच राहिलो. वसंत गेला, खेळ आला नाही. शेवटचा आधार मेच्या यादीचा होता.

२००२ ची यादी आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. केरबांना म्हटलं, पान पुरं उघडलेलं नसेल, पुन्हा उघडा. त्यांनी दोनदा उघडलं. तिसऱ्या भागाचं नाव नव्हतं. पुढं ढकलला असंही नव्हतं, रद्द केला असंही नव्हतं. मागच्या वर्षी ते नाव तिथं कधी होतं याचीच खूण राहिली नव्हती. ओहायोवाल्याचं त्यानंतर एक अक्षरही आलं नाही. केरबा चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "संगमेश, आता येऊ नकोस बाबा इथं. तुझं तोंड बघवत न्हाय."

मी दुकानात येऊन अंजूला सांगितलं. तिच्या ओंजळीत सॉकेट होते. ती म्हणाली, "बरं." आणि मग, "आता मिरजेला चल."

मी गेलो नाही. खाटेवर पडून राहिलो. आता थांबायला कशाचंच निमित्त उरलं नव्हतं, आणि सगळी भीती एकदम उघडी पडली होती. आधीच रखडलेल्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म मी भरला नाही. भिंतीकडं तोंड करून मी डोळ्यांच्या कोपऱ्यातनं दाराची चौकट दिसते का बघत राहायचो. एक दिवस ती दिसली नाही. म्हणजे मला तसं वाटलं. त्या दिवशी मी अव्वाला हाक मारली आणि ती आल्यावर काहीच बोललो नाही. तिला वाटलं कुणा मुलीचं प्रकरण असावं. तिनं अंबाबाईची ओटी भरली.

एकोणीस दिवसांनी सकाळी अंजू काठी घेऊन वर आली. तिनं अंघोळ केली होती, बाहेर जायची साडी नेसली होती. चाचपत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"ऊठ. मी नेतो तुला."

एसटी स्टँडवर लोक आम्हाला वाट देत होते. त्यांना वाटत होतं मी तिला कुठंतरी घेऊन चाललोय.

मिरजेत त्यांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत नेलं, बुबुळावर झगझगीत उजेड पाडला. मग एका यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं. समोर नजर ठेवायची आणि कडेला कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बटण दाबतच सुटलो. ठिपका दिसला तरी दाबायचो, नाही दिसला तरी दाबायचो. यंत्रावरच्या बाईंनी थांबवलं. उजेड नसताना दाबू नका, असं केलं तर आम्हाला काही कळणार नाही म्हणाल्या. मला रडू फुटलं. त्यांनी दहा मिनिटं बाहेर बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली.

डॉक्टर तेच होते. कागद बघून म्हणाले, "तुमचे डोळे स्वच्छ आहेत. तीन वर्षांपूर्वी आला असता तर तेव्हाच सांगितलं असतं."

मी भिंत धरत बाहेर आलो. थेंबांमुळं सगळं पांढरं झालं होतं, माणसांना कडा नव्हत्या. बाकावर अंजू सरळ बसलेली होती, एवढं ओळखू आलं. मी शेजारी बसलो, पण तोंडातनं शब्द फुटेना. तिनं त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"असू दे," ती म्हणाली. "सवय होते. पहिलं वर्ष वाईट. पायऱ्या मोजायच्या, ताट कायम एकसारखं वाढून घ्यायचं. मी शिकवतो तुला सगळं. दुकानात दोघं बसू. तू हिशेब पाठ करायचास, माल मी काढून देईन. मी इचार करून ठेवलाय."

किती दिवसांपासून ठेवला होता, कुणास ठाऊक. ती एका दमात बोलत होती, आणि तिच्या आवाजात कितीतरी महिन्यांत नव्हता असा उत्साह होता.

"अंजू," मी म्हटलं, "मला काही नाही. डोळे चांगले आहेत."

गुडघ्यावरचा हात थांबला.  आतनं कुणाचंतरी नाव पुकारलं, एक म्हातारी उठून गेली.

"बरं झालं," अंजू म्हणाली. मग तिचा चेहरा मोडला. मिरजेला पहिल्यांदा आलो तेव्हा ती रडली नव्हती, चरात पडली तेव्हा नाही, समुद्रावर नाही. आता ती काठी मांडीवर आडवी धरून रडली. "मला वाटलेलं तू बी येशील माझ्यासंगं. असं मनात आणू नये. पण मी आणलं, आण्णा. रोज आणलं."

मी तिला जवळ घेतलं. तीन वर्षं मी तिच्यासारखं होऊ नये म्हणून एका यादीमागं लपलो होतो, आणि ती माझी वाट बघत होती. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.  तिला नाक पुसायला रुमाल दिला, तो तिनं घेतला.

दुपार टळल्यावर आम्ही स्टँडवर आलो. उन्हात माझे डोळे उघडत नव्हते आणि गाड्यांवरच्या पाट्या नुसत्या पांढऱ्या दिसत होत्या. मी शेजारच्या माणसाला विचारलं, "पावणं, कोल्हापूरची गाडी कुठली?"

त्यानं आमच्या दोघांकडं वरखाली बघितलं. "समोर तर उभी हाय. दोघास्नी बी दिसत न्हाय व्हय?"

"ह्याला दिसतं," अंजू म्हणाली. "डोळ्यांत औषध घातलंय. सकाळपर्यंत नीट होईल."

त्या माणसानं मग आमच्या दोघांचे हात धरले आणि गाडीच्या पायरीपर्यंत पोचवलं.